हिरवळ कापणाऱ्या यंत्राचे तेल
पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानासारख्या विस्तीर्ण हिरवळीवर जे पेट्रोलचे यंत्र चालते, त्याचे इंजिन मोटारीप्रमाणे पाण्याने नव्हे, तर केवळ वाऱ्याने थंड होत असल्यामुळे, वैशाखाच्या उन्हात तेल अतिशय पातळ होऊन धातूवरील त्याचा संरक्षक थर तुटण्याचे भय असते; म्हणून फोर-स्ट्रोक इंजिनास, निर्मात्याच्या पुस्तिकेची मंजुरी असल्यास, एस.ए.ई. ३० हे तेल बिनदिक्कत घालावे. १०डब्ल्यू-३० थंडीत उपयुक्त खरे, परंतु २७ अंशांपुढे ते अधिक जळू शकते. टू-स्ट्रोकचा कारभार निराळा. तेथे तेल पेट्रोलातच मिसळावयाचे. फोर-स्ट्रोकमध्ये तेल भरताना यंत्र सपाट जागी ठेवावे, तेलकांडी पुसून पुन्हा बुडवावी, आणि वरच्या खुणेपलीकडे थेंबही चढू देऊ नये, कारण जादा तेल फेसाळते व इंजिन धूर ओकू लागते.