पिपाणीची मते कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवठे महांकाळला मी संख्याशास्त्र शिकवतो. संगणकाच्या जोडीने या विद्येला आता ‘डेटा सायन्स’ म्हणतात. निवडणुकीत तिचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. मी शेजारच्या साताऱ्याचे उदाहरण देतो.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यातून उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी निवडून आले. पराभूत शशिकांत शिंदे यांचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. एका अपक्षाचे चिन्ह नुसते वाद्य, म्हणजे आपली पिपाणी. यादीत तिचेही नाव तुतारीच. त्याला ३७,०६२ मते पडली. पिपाणीने घात केला, असा निवाडा पारावर लगेच झाला.

पण तपासायला हवे. गफलत झाली असेल, तर जिथे माणसाच्या चिन्हाला मते जास्त, तिथे पिपाणीलाही जास्त दिसतील. अपक्षाची स्वतःची ताकद असेल, तर मते त्याच्या गावाभोवती एकवटतील. त्यासाठी गुप्त माहिती लागत नाही. निवडणुकीच्या ‘नमुना २०’मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावरची उमेदवारनिहाय मते दिलेली असतात.

आणि फक्त हरलेल्या जागा पाहू नयेत. त्याच निवडणुकीत दिंडोरीत पिपाणीला १,०३,६३२ मते मिळाली, तरी माणसाच्या चिन्हावरचे भास्कर भगरे जिंकले. पुढे विधानसभेला आमच्या तासगाव-कवठे महांकाळमध्ये रोहित पाटील यांच्या नावासारख्या नावांचे अपक्ष उभे होते. पाटील निवडून आले आणि विषय मागे पडला. पण निकाल कोणताही लागो, चुकून दुसऱ्याला गेलेले मत वायाच गेले. सुधारणा निकालासाठी नव्हे, त्या मतदारासाठी हवी.

आकडे मतदाराच्या मनात शिरू शकत नाहीत. ते फक्त कुठे शोधावे हे दाखवतात. उपाय मात्र साधे असतात. सारख्या नावांचा घोळ टाळण्यासाठी २०१५पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र आले. सप्टेंबर २०२५मध्ये आयोगाने ते रंगीत करण्याचे आणि त्यातला चेहरा मोठा दाखवण्याचे ठरवले. सुरुवात बिहारपासून झाली. या बदलाने गफलत किती घटली, हेही केंद्रवार मोजता येईल.

आपल्या गावच्या केंद्राचा तक्ता एकदा उघडून पाहा. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो.