कंदकुजीवर पैसा कोण घालणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्राचे महत्त्वाचे भाग अमेरिका देणार. आकाशाचे कुतूहल तिलाही आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आनंदच आहे.

पण याच जिल्ह्यात वसमतकडे शेतात पाणी साचले की हळदीला कंदकूज लागते, गड्डे सडतात, बेण्याचा खर्चही निघत नाही. त्यावर परका देश पैसा कशाला घालील? राज्याने २०२२ च्या अर्थसंकल्पात हळद संशोधन केंद्रासाठी १०० कोटी जाहीर केले. मात्र हळद गड्ड्यांनीच वाढते. नवा वाण शेतकऱ्यांना पुरेसा मिळायला वर्षे लागतात. इमारत लवकर होईल. संशोधकाचा पगार तेवढी वर्षे चालू राहील का, एवढेच मला विचारायचे आहे.