स्पॅनिशमधील नियमबाह्य क्रियापदें

स्पेनमध्यें टेलिफोनची घंटा वाजली म्हणजे तो उचलणारा मनुष्य पुष्कळदां एकच शब्द उच्चारतो: "दिगा." त्याचा अर्थ "बोलावें." इच्छा, विनंति, आशा, शंका हीं ज्या रूपांनीं स्पॅनिशमध्यें व्यक्त होतात, त्यांपैकीं वर्तमानकाळाचें हें एक रूप होय. मराठीचा विध्यर्थ त्याचा जवळचा आप्त म्हणतां येईल. "तूं यावेंस अशी त्याची इच्छा आहे," या वाक्यांतील "यावेंस"च्या जागीं स्पॅनिश मनुष्य "बेंगास" म्हणतो.

मूळ नियम सोपा आहे. "आब्लार" म्हणजे बोलणें. "तो बोलतो" याला "आब्ला" आणि "त्यानें बोलावें" याला "आब्ले". "कोमेर" म्हणजे खाणें. तेथें उलट "कोमे"चें "कोमा" होतें. आ आणि ए या स्वरांनीं जागा बदलल्या कीं काम झालें. परंतु लवकरच सांगणें या अर्थाच्या "देथिर"चें "दिगा", करणें या अर्थाच्या "आथेर"चें "आगा" अशीं रूपें समोर येतात, आणि विद्यार्थी घाबरून कोष्टकें घोकूं लागतो.

हे श्रम बहुतांशीं अनावश्यक आहेत. वर्तमानकाळांत "मी सांगतों" याला "दिगो" व "मी करतों" याला "आगो" म्हणतात. अखेरचा ओ काढून आ लावला कीं इष्ट रूप तयार होतें. याचें कारण लॅटिनमध्यें आहे. तेथील "दीको" व "दीकाम्" या दोन्ही रूपांत क-च्या पुढें ओ किंवा आ होता. तेथें क मृदु होऊन ग झाला. जेथें पुढें ए किंवा इ होती, तेथें तोच वर्ण बदलत जाऊन माद्रिदमध्यें थ-सारखा ऐकूं येतो. एक सावधगिरी मात्र हवी. विचार करणें या अर्थाच्या "पेन्सार"चें "पिएन्से" होतें. पण "आम्हीं विचार करावा" यांत आघात पुढें सरकतो आणि "पेन्सेमोस" असा साधा स्वर परत येतो.

खरीं हट्टी क्रियापदें सहाच: असणें या अर्थाचीं "सेर" व "एस्तार", जाण्याचें "इर", देण्याचें "दार", जाणण्याचें "साबेर", आणि साहाय्यक "आबेर". यांचीं "मी"चीं रूपें सोय, एस्तोय, बोय, दोय, से, ए अशीं असून एकाहि रूपाच्या अखेरीस नेहमींचा ओ सुटा उभा नाहीं. म्हणून सेआ, एस्ते, बाया, दे, सेपा, आया हीं सहा रूपेंच पाठ करावीं लागतात. रोजच्या तोंडचे शब्द असल्यामुळें त्यांचा जुना आकार टिकून राहिला.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. परक्या शहरांत कोणी आजारी पडलें आणि आप्तांनीं इंग्रजी जाणणाऱ्या डॉक्टरची चौकशी केली, अशी कल्पना करावी. "साबे" म्हटल्यास ऐकणारा समजेल कीं त्यांच्या मनांत एक ठराविक डॉक्टर आहे, आणि तो त्याचें नांव विचारील. "सेपा" म्हटल्यास समजेल कीं इंग्रजी येत असेल असा कोणीहि चालेल, आणि तो लगेच शोधास लागेल. एका लहानशा रूपांत माहिती आणि गरज यांच्यामधील सारें अंतर सामावलेलें असतें.