अमेरिकेतील वैद्यकीय परवाना : नवी वाट, जुन्या अटी



येथे एम.डी. होऊन वर्षानुवर्षे रुग्णसेवा केलेल्या डॉक्टरांनाही अमेरिकेत पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते, ही व्यथा अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये कायद्याने वेगळी वाट काढली. तेथील परवाना-परीक्षा उत्तीर्ण, मायदेशी प्रशिक्षण पूर्ण आणि पात्र रुग्णालयाची नोकरी हाती असल्यास तात्पुरता परवाना मिळतो; दोन वर्षे देखरेखीखाली काम केल्यावर पूर्ण परवान्याचा मार्ग खुला होतो. २०२४ मध्ये फ्लोरिडा व व्हर्जिनियानेही, निराळ्या अटींवर, असे कायदे केले.

परंतु परवाना म्हणजे व्हिसा नव्हे, स्पेशालिटी बोर्डाचे प्रमाणपत्र तर नव्हेच! ते अनेक रुग्णालये व विमा कंपन्या मागतात, आणि त्यासाठी बहुधा तिकडचीच रेसिडेन्सी लागते. म्हणून येथील चालता दवाखाना बंद करण्यापूर्वी, या प्रमाणपत्राविना काम मिळेल काय, हे संबंधित रुग्णालयाकडून लेखी घ्यावे.