जुन्या पेठांचे पुनरुज्जीवन आणि महाजनांची परंपरा

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत जिनमंदिर बहुधा जुन्या पेठेतच आढळते. खाली दुकान, वर घर आणि चार पावलांवर मंदिर, अशी ती जुनी रचना. सकाळची पूजा आटोपून कुटुंबप्रमुख पायीच येऊन गादीवर बसत असे. आज त्यातील कित्येक माड्यांना कुलूप आहे. कुटुंबे नव्या वसाहतीत राहावयास गेली. आता दर्शनासाठी मोटारीने यावे लागते आणि मोटार उभी करण्यास पेठेत जागा नाही. पेठ ओस पडण्याचा प्रश्न त्यामुळे केवळ गल्ल्याचा राहत नाही. मंदिराच्या पायरीवरील वर्दळीचाही तो प्रश्न होतो.

याचा दोष मॉल आणि ऑनलाइन विक्री यांना देण्याची रीत पडली आहे. ती सोयीची आहे, पण अपुरी आहे. पेठेची ओहोटी त्यापूर्वीच सुरू झाली होती. १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्यानंतर धान्य, भुसार व गुळाची घाऊक उलाढाल हळूहळू मार्केट यार्डात गेली. माल विकून त्याच रस्त्यावर लुगडी-धोतरे घेणारा शेतकरी गावाबाहेरूनच परतू लागला. दुसरीकडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. परंतु २००० साली १०० रुपये असलेले भाडे चक्रवाढीने धरले, तरी २५ वर्षांनी सुमारे २६७ रुपयेच होते. एवढ्यात मालकाने कौले बदलावीत तरी कशी? आणि जागा आपली नाही, म्हणून भाडेकरूही खिळा ठोकत नाही.

हा अनुभव केवळ या मुलखाचा नाही. अमेरिकेत १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनेसोटा राज्यात साउथडेल हा पूर्ण बंदिस्त मॉल उघडला. पुढील वीस वर्षांत तेथील लहान गावांचे मुख्य बाजाररस्ते रिकामे होऊ लागले. घाबरलेल्या दुकानदारांनी आधुनिक दिसण्यासाठी विटांच्या सुंदर दर्शनी भागांवर धातूचे पत्रे ठोकले. (सागवानी खांब आणि कोरीव तुळया एसीपी शीटच्या व फ्लेक्सच्या मागे दडविणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.) गिऱ्हाईक त्या पत्र्यांना भुलले नाही. नव्याची नक्कल करणारे जुने दुकान धड नवेही राहत नाही आणि जुनेही राहत नाही.

१९७७ साली ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेने तीन गावे निवडून प्रयोग केला : इलिनॉयमधील गेल्सबर्ग, इंडियानातील मॅडिसन आणि साउथ डकोटातील हॉट स्प्रिंग्ज. ‘मेन स्ट्रीट’ या नावाने तो ओळखला गेला आणि १९८० पासून देशभर पसरला. संघटन, प्रसिद्धी, इमारतींचे रूप आणि अर्थकारण या चार अंगांनी काम चाले. पत्रे उतरले, जुन्या विटा दिसू लागल्या. मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसण्यात साधी होती. प्रत्येक गावात एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला गेला आणि संपूर्ण बाजाररस्ता सांभाळणे हेच त्याचे काम ठरले. रिकामा गाळा कोणाचा, कोणता व्यवसाय गावात नाही, दिवे कोठे बंद आहेत, याची नोंद ठेवणारा एक माणूस प्रथमच लाभला.

मॉलचे खरे बळ येथेच आहे. थंड हवा आणि सरकता जिना गिऱ्हाइकाला दिसतो. सामाईक देखभालीचा आकार दिसत नाही. तेथील प्रत्येक दुकान भाड्याखेरीज तो भरते. त्यातूनच झाडलोट, दिवे, पहारा आणि जाहिरात होते. पेठेत शंभर दुकाने असतात, पण शंभरांचे मिळून असे काहीच नसते. व्यापारी संघटनेची वर्गणी ऐच्छिक. दहा जण देतात, नव्वद जण दिव्यांच्या माळांखाली धंदा करतात.

कॅनडातील टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज येथील दुकानदारांपुढे हीच अडचण उभी राहिली. १९६८ साली तेथे भुयारी रेल्वे आली आणि रस्त्यावरचे गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. यॉर्कडेलचा मॉल १९६४ पासून होताच. ऐच्छिक वर्गणीने भागेना, तेव्हा दुकानदारांनी स्वतःहून मागणी केली की हा आकार सर्वांवर सक्तीचा करावा. १९७० मध्ये तशी व्यवस्था झाली. नगरपालिका करासोबत रक्कम गोळा करते आणि तिचा विनियोग व्यापाऱ्यांचेच मंडळ करते. व्यापाऱ्याने स्वतःवर कर मागून घ्यावा, याचे नवल वाटेल.

परंतु जैन समाजाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गुजरातेतील महाजन व्यापारावर ‘लागा’ बसवीत आणि त्यातून पांजरापोळी चालत. बाजाराची सुट्टी महाजन ठरवी, तंटेही मिटवी. महाराष्ट्रातील अडत दुकानांच्या बिलांत ‘धर्मादाय’ अशी स्वतंत्र ओळ असे. रक्कम अल्प, पण प्रत्येक व्यवहारावर. म्हणून ती कोणास जड झाली नाही आणि कोणास चुकविता आली नाही. मुक्या जिवांसाठी हे साधले, ते पेठेतील दिव्यांसाठी आणि कुलूपबंद माड्यांसाठी का साधू नये? माडीचा जिना दुकानातून न नेता बाजूने काढला, तर तीच माडी शिक्षकाला, परिचारिकेला किंवा नवदांपत्याला राहण्यास देता येईल. माडीत बिऱ्हाड आले की खालच्या किराणा दुकानाला रोजचे गिऱ्हाईक मिळते आणि रात्री आठनंतर खिडकीत दिवा दिसतो.

हिशेब असा मांडता येतो. ५० दुकानांनी दररोज प्रत्येकी २० रुपये वेगळे काढले, तर वर्षाला ३ लाख ६५ हजार रुपये जमतात. महिना २० हजार रुपये वेतनावर एक पदवीधर तरुण वा तरुणी पूर्णवेळ नेमली, तर २ लाख ४० हजार खर्च होतात. उरलेले सव्वा लाख दिवे, झाडलोट आणि मोटारी उभ्या करण्यासाठी एखादी पडीक जागा भाड्याने घेणे यासाठी राहतात. पहिल्या वर्षी त्या व्यक्तीने एकच काम करावे : पेठेतील प्रत्येक बंद गाळ्याची व माडीची वही तयार करावी, मालक कोण, भाडेकरू कोण, वाद कोणता आणि तो कशाने सुटेल.