दारावर तिकीट नसलेले चित्रालय



लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील नॅशनल गॅलरीच्या दारात कोणी पैसे मागत नाही. टिशियन, रेम्ब्रां, व्हॅन गॉग यांची चित्रे कोणालाही पाहता येतात. ही सोय मात्र आपोआप झालेली नाही.

१८२४ साली ब्रिटिश सरकारने अँगरस्टीन या धनिकाची ३८ चित्रे ५७,००० पौंडांना विकत घेतली. ऑस्ट्रियाने युद्धकाळातील कर्जाची अनपेक्षित परतफेड केल्यामुळे तिजोरीत पैसा होता. अँगरस्टीनची संपत्ती सागरी विम्याच्या धंद्यातली, आणि गुलामांच्या व्यापाराचा हिशेब त्या धंद्यातून वगळता येत नाही. चौकातील इमारत १८३८ साली खुली झाली. श्रीमंतांनी पश्चिमेकडून गाडीतून यावे, गरिबांनी पूर्वेकडून पायी यावे, अशी ती मोक्याची जागा होती.

गरीब खरोखरच येऊ लागले तेव्हा कुरबुर सुरू झाली. लोक पावसात आडोशाला येतात, शिदोऱ्या सोडून खातात, त्यांच्या कपड्यांच्या धुळीने चित्रे खराब होतात, अशा तक्रारी १८५० साली संसदीय समितीपुढे आल्या. चित्रालय शहराच्या गर्दीपासून दूर केन्सिंग्टनला हलवावे, अशी सूचना पुढे आली. धुराड्यांची काजळी ही खरी अडचण होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु चित्रे टिकवणे हे साध्य नसून लोकांना त्यांतून आनंद मिळणे हे साध्य आहे, असे न्यायमूर्ती कोलरिज यांनी १८५७ साली मांडले. चित्रालय जागचे हलले नाही. (हा युक्तिवाद करणारा कोणी क्रांतिकारक नव्हता, न्यायाधीश होता!)

दुसऱ्या महायुद्धात चित्रे वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली होती. तरीही १९४२ पासून दरमहा एकेक चित्र लंडनला आणले जाई. बाँबहल्ल्यांनी पोळलेल्या शहरातील माणसे ते एकच चित्र पाहायला येत. तासाभरात चाळीस दालने पालथी घालणाऱ्या प्रवाशाला हे पाहणे ठाऊक नसते.

१९७४ च्या आरंभी हीथ सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क लावले. मजूर पक्षाचे सरकार येताच ते रद्द झाले. एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे चित्र कमी होत नाही. मग तिकिटाने वाचते काय? खर्च थोडा भरून निघतो, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो माणूस दाराबाहेर राहतो. क्रांतीने १७९३ साली जनतेला खुले केलेले पॅरिसचे लूव्र जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांकडून ३२ युरो घेते. आतल्यांना दर २२. जनता म्हणजे कोण, याची व्याख्या आता पारपत्रावर ठरते आहे.

लंडनमध्येही सारे आलबेल नाही. दालनांवर पहारा देणाऱ्यांचे काम खाजगी कंपनीकडे सोपवू नये म्हणून नॅशनल गॅलरीच्या कर्मचाऱ्यांनी २०१५ साली शंभराहून अधिक दिवस संप केला. ऑक्टोबरात तडजोड झाली. कंत्राट मात्र कायम राहिले.