राक्षस जन्माने की कृतीने?

(केनवड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. सोयाबीनचा भाव आणि पीकविमा सोडून हा अर्थशास्त्राचा निवृत्त मास्तर राक्षसांवर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. परंतु राक्षस हा विषय अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे, असे मी मानीत नाही. का, ते एका परदेशी खेळाच्या उदाहरणाने सांगतो. आपल्या शहरांतील तरुण मुलेही आता तो खेळ खेळतात.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतील वीर होतात आणि फासे टाकून पराक्रमाचा निकाल लावतात. आपल्या सोंगांची आणि सोंगट्यांची सांगड घातली तर जे होईल ते हे. या खेळात प्रत्येक पात्राला ‘अलाइनमेंट’, म्हणजे नैतिक पक्ष, नेमून दिलेला असतो. आरंभी सुव्यवस्था, अराजक आणि तटस्थता असे तीनच पक्ष होते. पुढे चार-पाच वर्षांत सुष्ट आणि दुष्ट यांची जोड मिळून नऊ घरांचा तक्ता तयार झाला. खेळाडूने आपल्या वीराचा पक्ष स्वतः निवडावा, ही सोय उत्तमच. परंतु १९७७ साली निघालेल्या राक्षसकोशात ‘ऑर्क’ किंवा ‘गॉब्लिन’ अशा संपूर्ण जमातींपुढे ‘दुष्ट’ असा शेरा छापलेला होता. व्यक्तीने काय केले याची चौकशी नाही. जन्म झाला, शेरा लागला!

आता अर्थशास्त्राकडे येतो. त्याच कोशात, त्याच नोंदीत, काही ओळींच्या अंतराने आणखी एक रकाना असे: या प्राण्याच्या घरात किती आणि कोणत्या प्रकारचा खजिना सापडेल. ऑर्कांच्या वस्तीत पुरुषांच्या मानाने बायका किती, पोरे किती, याचेही प्रमाण दिलेले असे. आणि जुन्या नियमांनुसार वीराची प्रगती मोजली जाई ती मुख्यतः आणलेल्या सोन्यावर. सामान्यतः एका सुवर्णनाण्याला अनुभवाचा एक गुण! दुसऱ्याच्या वस्तीत शिरायचे, माणसे मारायची, धन उचलायचे आणि त्या धनाच्या प्रमाणात आपण थोर व्हायचे, हा व्यवहार सज्जनाला पचावा कसा? तो पचवण्याचे काम नैतिक पक्षाचा रकाना करतो. खेळ रचणाऱ्यांनी असे काही ठरवून केले, असा माझा आरोप नाही. जुन्या कथांतून जे हाती आले ते त्यांनी मांडले, इतकेच. पण हिशेबाची वही वाचण्याची सवय असलेल्याला हे दोन रकाने शेजारी-शेजारी दिसल्यावर संशय येतोच.

आपल्याकडच्या कथा याच नजरेने वाचून पाहा. इथून लोणार फार दूर नाही. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर. लोककथेत मात्र ते लवणासुराचे भुयार आहे. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले आणि त्याच्या रक्ताचे हे खारे पाणी झाले. दैत्यसूदनाचे देऊळ तिथे आहे आणि ते शिल्पकलेचे लेणेच आहे. परंतु मीठ आणि क्षार ही एके काळी मोलाची वस्तू होती, आणि तिच्या साठ्यावर बसलेला धनी कथेत असुर ठरला, हा योगायोग मला विचार करायला लावतो. याहून अधिक मी म्हणणार नाही. कथेतून इतिहास पिळून काढण्याचा हव्यास धरू नये. खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) मध्ये पाहिले तेही याच कठोर डोळ्यांनी. तिथे प्रश्न जमिनीचा होता आणि जळाले ते त्या जमिनीवर आधीपासून राहणारे.

या जुन्या कथाविश्वाची पहिली मोठी दुरुस्ती अमेरिकेत नव्हे, पुण्यात झाली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अवतारांची सारी रांग उलट्या बाजूने वाचून दाखवली. पुष्कळ लोक समजतात की फुल्यांनी फक्त चिन्हे बदलली, बळीला चांगले आणि वामनाला वाईट केले. तेवढेच असते तर तक्ता तोच राहिला असता. फुल्यांनी त्यापुढचे केले. त्यांनी बळीच्या राज्याला कारभार दिला. खंडोबा हा नऊ खंडांचा न्यायाधिकारी, म्हसोबा हा महासुभा, अशी पदे त्यांनी मांडली. त्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होवोत न होवोत. ज्यांना पुराणात केवळ मरण्यासाठी जागा होती त्यांना सारा, न्याय, अधिकारी आणि सणवार मिळाले. असुरांनाही संसार असतो, ही ती दुरुस्ती होती. आमच्या आयाबायांना ती पुस्तकाशिवायच ठाऊक होती. नाही तर ओवाळताना बळीच्या राज्याची इच्छा त्यांनी धरली नसती. शेजारच्या अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी रावणाची दगडी मूर्ती पूजली जाते. मेळघाटात कोरकू मेघनाथाला मानतात.

कुणी म्हणेल, पुराणांतही प्रल्हाद आणि बिभीषण आहेत की! आहेत. त्या परदेशी खेळातही १९८८ पासून ड्रिझ्ट नावाचा एक नायक गाजतो. दुष्ट म्हणून ठरवलेल्या जमातीत जन्मलेला, पण तिला सोडून आलेला. मला या अपवादांचे कौतुक फारसे वाटत नाही. अपवाद जितका गाजतो, तितका नियम पक्का होतो. ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगायला नको.

कारण हा तक्ता केवळ खेळात राहिला नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या दुरुस्तीने तो अधिक व्यापक झाला. जमात जाहीर झाली की तिच्यातल्या माणसाने पोलिसांकडे नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवानगीवाचून हलायचे नाही. सोलापूरची वसाहत, तिच्याभोवतीचे काटेरी तारेचे कुंपण, हा आपल्याच राज्यातला इतिहास आहे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा रद्द झाला, माणसे ‘विमुक्त’ झाली. पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मागोमाग आले आणि शेरा मनातून पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. आपल्या वऱ्हाडात आजही चोरी कुठे झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर गाडी का जाते?

खेळाच्या मालकांनी २०२० साली जाहीर केले की ऑर्क आणि इतर जमाती यापुढे इतर लोकांइतक्याच गुंतागुंतीच्या दाखवल्या जातील, आणि नव्या आवृत्तीत ‘वंश’ हा शब्दही त्यांनी सोडला. त्यावर जुने खेळाडू रागावले. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. प्रत्येक गॉब्लिनची साक्ष घेत बसलो तर खेळ केव्हा खेळायचा, असे ते विचारतात. मुलांना राक्षस हवा असतो हे खरेच आहे. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर येतो तेव्हा पोरे जितकी खूष होतात तितकी देवाला पाहून होत नाहीत! राक्षस अवश्य असावा, पण कंस ज्या कारणाने राक्षस ठरतो, म्हणजे त्याने बहिणीची मुले मारली, त्या कारणाने. तो कोणाच्या पोटी आला हे कारण होऊ शकत नाही. पुराणांप्रमाणे तरी देव आणि दैत्य हे एकाच कश्यपाचे पुत्र, आया तेवढ्या वेगळ्या. बापाच्या वाटणीवरून सावत्र भाऊ भांडतात, ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

आता मुद्द्याचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमपुस्तकांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. अमुक जातीच्या कैद्याने झाडू मारावा, अमुक जातीच्या कैद्याने स्वयंपाक करावा, विमुक्त जमातीच्या माणसाला जन्मामुळेच सराईत मानावे, असे तिथे छापलेले होते. स्वतंत्र भारतात, सात दशकांनंतर! कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असा स्पष्ट आदेश न्यायालयाने दिला.

आदेश झाला म्हणजे रकाना गेला असे समजण्याइतके आपण भाबडे नाही. वाशीम-अकोल्याच्या तुरुंगांतील वह्या बदलल्या का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. मसुदा मी लिहून आणला आहे. भाषण संपल्यावर ज्यांना तो हवा असेल त्यांनी घ्यावा, आणि बेड्यावरच्या ज्या घरांतील पोरे आत आहेत त्या घरच्या माणसांना सोबत घेऊन अर्ज भरावा.